काठावरचे गमबूट

पेलांच्या घरची कीली पहिल्या दिवशी माझ्या वर्गात आली, तेव्हा तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. बुटांकडे पाहिलं.

"मिस, तुमचा डावा गुडघा दुखतो का? उजवी टाच जास्त झिजलीये."

"आणि तुझी जीभ," मी म्हटलं. "बस खाली."

वर्ग हसला. कीली हसली नाही, तिने खरंच बसून घेतलं आणि समोरच्या मुलाच्या बुटांकडे बघायला लागली. तेव्हाच मला कळलं, की ही पोरगी टिकणार.

बाकीच्यांचं मला काही खरं वाटत नव्हतं. शाळा संपली की आमच्याकडे पोरं सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे अकरावी-बारावीला येतात. ज्यांना परीक्षा झेपतात ती गणित आणि इतिहास घेतात, आणि ज्यांच्याबद्दल शाळेने हात टेकलेले असतात त्यांना माझ्याकडे ढकलतात. फॉरेन्सिकचा दोन वर्षांचा कोर्स, पार्किंगच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांना लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत. आत कोणाच्या तरी घरून आणलेला सोफा, डाग पाडलेला गालिचा आणि जेराल्ड नावाचा प्लास्टिकचा माणूस, ज्याचा दर सत्रात नव्या पद्धतीने खून होतो. पोरांना वाटतं पांढरा झगा चढवला की खुनी आपणहून पुढे येतो. आठवडाभर पिशव्यांवर लेबलं लावायला लावली की अर्धी पोरं केस कापायच्या कोर्सला पळतात. मी पोलिसांत घटनास्थळं तपासण्यात उमर घालवली, गुडघे गेले म्हणून शिकवायला आले. मला नाटकं चालत नाहीत.

माझा एकच हट्ट असतो. प्रत्येक असाइनमेंटच्या पहिल्या ओळीत लिहायचं: ठसा फक्त बुटाबद्दल बोलतो, आत पाय कोणाचा होता ते ठसा सांगत नाही. पोरं कंटाळतात, पण लिहितात. कीलीने तर ते इतक्या वेळा लिहिलं होतं, की न बघता लिहायची.

आमचा हा इंग्लंडातला फेनचा, दलदलीचा मुलूख म्हणजे ताटासारखा सपाट. समुद्र हटवून काढलेली काळी जमीन, कोबी, साखरबीट, आणि शेतांमधून सरळ रेषेत गेलेले खोल कालवे. पंप बंद पडले तर सगळं परत पाण्याखाली जाईल, हे इथे लहान पोरालाही माहीत असतं. घरांची पुढची दारं आम्ही उघडत नाही, ती नवरी आणि शवपेटी यांच्यासाठी. येणंजाणं सगळं मागच्या दाराने, आणि तिथे पडवीत घरातल्या सगळ्यांच्या गमबुटांची रांग. कोंबड्या सुटल्या, कोणी हाक मारली, की जे बूट जवळ असतील त्यांत पाय खुपसायचे आणि पळायचं. माझ्या नवऱ्याचे बूट मी जन्मभर फाटेपर्यंत वापरले, आणि तो माझ्या नावाने बोंबलत राहिला.

कीलीचं घर शेतरस्त्याच्या टोकाला. बाप क्लाइव्ह, साखरबीट काढायचं यंत्र चालवायचा, दाराच्या चौकटीत मावणार नाही असा माणूस आणि तोंडाने मुका म्हणावा इतका अबोल. आई डेनीस बारकी, चपळ. एजन्सीतर्फे घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना उठवायची, आंघोळ घालायची, गोळ्या द्यायची. तिच्या यादीतली शेवटची होती शेजारची मॉड स्नीथ. कालव्याच्या काठावरच्या बंगलीत एकटी राहणारी, डोकं हळूहळू विरत चाललेली म्हातारी. एजन्सी मॉडसाठी सकाळ-संध्याकाळचा थोडा वेळ द्यायची. उरलेला सगळा दिवस आणि सगळी रात्र मॉड डेनीसला फुकट फोन करायची.

"पहाटे पहाटे फोन येतो, मिस," कीली सांगायची. "डेनीस, कालव्यात दिवे लागलेत, म्हणते. कोणीतरी खालून हाका मारतंय, म्हणते. आई रोज उठून जाते. वर्षं झाली, आई सलग झोपलेली मी बघितली नाही."

"मग फोन बंद करून ठेवायचा."

"एकदा ठेवला होता. म्हातारी चालत आमच्या दारात आली. नाइटीवर, अनवाणी."

भिंतीवर आमच्याकडे तळव्यांची रांग आहे. प्रत्येक पोराने घरातल्या प्रत्येक बुटाचा तळ शाई लावून कागदावर उमटवून आणायचा. कीलीने तिच्या घरचे सगळे आणले. बापाच्या गमबुटांचा कागद सगळ्यांत मोठा होता. डाव्या टाचेवर तिरकी चीर, बीटच्या सुरीवर पाय पडला होता तेव्हाची.

त्याच सत्रात मी कायदा शिकवला. बुडणाऱ्याला वाटेवरच्या माणसाने हात दिला नाही, तर आमच्या कायद्यात तो गुन्हा नाही. लाज आहे, गुन्हा नाही. पण ज्याच्यावर त्या जिवाची जबाबदारी सोपवलेली आहे, आई असो, नर्स असो, सेवा करणारी बाई असो, तिने नुसतं बघत राहणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंग आहे. कीलीने हे घरी जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी बापाची नक्कल करत वर्गाला सांगितलं. क्लाइव्ह सॉसेज चावता चावता म्हणाला होता, "म्हणजे मी उभा राहिलो तर चालतं, तुझी आई उभी राहिली तर नाही?"

"असंच आहे, बाबा."

"बरं झालं, मला उभं राहायला आवडतं."

सगळे हसले, मीही हसले.

नोव्हेंबरात मी त्यांना बुटांचे ठसे प्लास्टरमध्ये घ्यायला सांगितले. कुठूनही आणा, पण आधी फोटो काढा, आणि फोटो सूर्य खाली असताना काढा, म्हणजे तिरप्या उजेडात प्रत्येक रेघ उठून दिसते. बहुतेकांनी घरच्या अंगणात पाय आपटून काम उरकलं. कीली रविवारी उजाडताच प्लास्टरची बादली घेऊन कालव्याच्या काठावर गेली, मॉडच्या बंगलीमागे, कारण तिथला चिखल लोण्यासारखा असतो.

गवत संपतं तिथल्या चिखलात तिला दोन ठसे मिळाले. शेजारी शेजारी, पाण्याकडे तोंड करून. तिने फोटो काढले, प्लास्टर ओतलं आणि ते घट्ट होईपर्यंत गुडघ्यावर बसून राहिली, पाण्याकडे पाठ करून. धुकं होतं, कालवा भरून वाहत होता आणि बदकंसुद्धा बोलत नव्हती, असं ती नंतर म्हणाली. मग ठसे वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आली आणि टोस्ट खाल्ला.

त्यानंतर डेनीस कामाच्या वेळेला मॉडकडे गेली आणि धावत परत आली. घर उघडं होतं, बिछाना थंड होता, म्हातारी नव्हती. तिनेच पोलिसांना फोन केला. सगळा गाव शोधायला बाहेर पडला, काठ तुडवून तुडवून त्याचा लगदा झाला, आणि दुपारी पावसाने उरलंसुरलं धुऊन नेलं. कीलीही हाका मारत फिरली.

सोमवारी सकाळी वर्गात मी तिचे ठसे टेबलावर ठेवले. टाचांना चिकटलेला चिखल अजून ओला होता.

"हे काय सांगतंय?" मी विचारलं.

"मासे पकडणारा," ओवेन म्हणाला. ओवेनला सगळे मासे पकडणारेच दिसतात.

"मासे पकडणारा पाय हलवतो," कीली म्हणाली. "इथे एकही पाऊल पुढे नाही, मागे नाही. कडा गुळगुळीत आहेत, पाणी झिरपून आत साचलंय. हा माणूस नुसता उभा होता. खूप वेळ. पाण्याकडे बघत."

मी तिला मनातल्या मनात सर्वांत वरचा दर्जा देऊन टाकला. इतका स्वच्छ ठसा आणि इतकं स्वच्छ वाचन मी पोलिसांतही फार थोड्यांकडून पाहिलं होतं.

दुपारी पंपघराच्या जाळीला अडकलेली मॉड स्नीथ सापडली. नाइटीवर.

दुसऱ्या दिवशी ठसे वाळले तेव्हा कीलीने ते ब्रशने धुतले. मी पाठमोरी होते. ब्रशचा आवाज थांबला तो बराच वेळ सुरू झालाच नाही, म्हणून वळले. पोरीचा चेहरा प्लास्टरसारखा झाला होता. डाव्या टाचेवर तिरकी चीर होती.

ती भिंतीकडे गेली, बापाचा कागद काढला, ठशाशेजारी ठेवला आणि बघत राहिली. म्हातारी पाण्यात असताना कोणीतरी काठावर उभं राहून बघितलं होतं, आणि ते बूट पेलांच्या पडवीतले होते.

"मिस, हे आता मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरचं आहे ना? माझं नाही."

"हो, पोरी."

"मग फोन मी करते. तुम्ही केलात तर मी लपवत होते असं होईल."

तिने माझ्यासमोर फोन केला. फोन ठेवल्यावर ठशांवर स्वतःच लेबल लावलं.

पोलिसांनी ठसे नेले आणि गमबूटही नेले. आमच्याकडे नक्कल आणि फोटो राहिले. क्लाइव्हला बोलावलं तेव्हा त्याने आढेवेढे घेतलेच नाहीत. मी उभा होतो, म्हणाला. ती पाण्यात होती. मला पोहता येत नाही. मी उभा राहिलो. फोन का केला नाहीस, म्हणून विचारलं तर म्हणाला, सुचलं नाही. तेच वाक्य तो दर वेळी तसंच्या तसं बोलायचा.

शेजारी होता, वाटेवरचा माणूस. खटला झाला नाही. पण गावाने त्याला सोडलं नाही. तो आत आला की पबमधलं बोलणं थांबायचं. चिप्सच्या दुकानातली बाई त्याच्या हातात पुडी न देता काउंटरवर ठेवायची. शेतावर त्याला एकट्याने करायची कामं मिळायला लागली. आणि डेनीसबद्दल सगळ्यांना कणव. बिचारी, असल्या नवऱ्यासोबत राहते आणि तरी म्हाताऱ्यांचं करते. लोक तिच्या दारात केक ठेवून जायचे. ती ते केक कोंबड्यांना घालायची.

"आई आता झोपते का गं?" मी एकदा कीलीला विचारलं.

"नाही, मिस. आता फोन येत नाही, तरी पहाटे उठून बसते. पडवीत."

कीली बापाशी बोलेनाशी झाली. तोही तिला काही म्हणाला नाही. पोलिसांच्या घटनास्थळ विभागात शिकाऊ म्हणून घेतात, तिथे तिचा अर्ज गेला होता आणि मुलाखतीला बोलावणंही आलं होतं. मी शिफारसपत्रात त्या फोनबद्दल लिहिलं. या मुलीने स्वतःच्या बापावर बोट ठेवलं, असं अभिमानाने लिहिलं.

मार्चमध्ये कोरोनरची चौकशी ठरली. त्याच्या आदल्या दिवशी कीलीच्या शेवटच्या असाइनमेंटचा प्रयोग होता. तसेच गमबूट, त्याच मापाचे, ओल्या फेनच्या मातीच्या परातीत, आणि आपल्या ठशाशी तुलना. ओवेनचे पाय होडीसारखे, म्हणून तिने त्याला उभं केलं. त्याचा ठसा टाचेपासून चवड्यापर्यंत सारखा उमटला. तिने आपला फोटो त्याच्याशेजारी धरला आणि भुवया आक्रसल्या.

"उतर रे. नीट उभा नाही राहिलास."

"अजून किती नीट उभा राहू? पुतळा करून ठेव ना माझा."

"उतर म्हणते ना."

मग ती स्वतः त्या बुटांत शिरली. तिचे पाय आत लोळत होते. मातीत उभी राहिली, हलली नाही, परातीकडे न बघता समोर भिंतीकडे बघत राहिली. ओवेन कंटाळून खिडकीपाशी गेला. ती खाली उतरली आणि वाकली. टाच खोल रुतली होती आणि पुढचा भाग, जिथे मोठ्या माणसाची बोटं असती, तो जेमतेम उमटला होता. बुटाचं टोक रिकामं होतं.

तिने फोटो शेजारी ठेवला. तंतोतंत तोच ठसा होता.

"ओवेन, बाहेर जा," मी म्हटलं. माझा आवाज ऐकून तो लगेच गेला.

"मिस," कीली म्हणाली, "हा माझा पाय आहे."

मी खुर्चीवर बसले.

"मी नव्हते तिथे. मी नंतर गेले." ती असाइनमेंटच्या पहिल्या पानाकडे बघत होती, जिथे तिच्याच सुबक अक्षरात ती ओळ लिहिलेली होती. "माझ्या आणि आईच्या चपला आम्ही अदलून बदलून घालतो. एकच माप आहे."

पडवीतल्या रांगेतून कोण कोणाचे बूट चढवतं हे तिला जन्मापासून माहीत होतं. दुसऱ्या कुणाच्या घरचा ठसा असता, तर तिने पहिल्याच दिवशी विचारलं असतं. बापाची चीर दिसली आणि तिला बाप दिसला. मलाही तोच दिसला होता, आणि ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मला स्वतःचा राग आला.

"त्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "बाबांना. मीच वाचून दाखवलं होतं ना. ते उभे राहिले तर चालतं."

मी तिला जवळ घेतलं नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही, आणि तिने घेऊ दिलं नसतं. मी फक्त एवढंच म्हटलं, "उद्या चौकशी आहे. तू बोललीस तर तू, नाही तर मी बोलेन. हे झाकायचं नाही."

"माहितीये, मिस."

क्लाइव्ह तिला न्यायला आला होता. पोरीचा चेहरा बघूनच त्याला कळलं असावं. पिकअपचं दार उघडून तो खाली उतरला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला इतकं बोलताना ऐकलं.

"तू तो फोन केलास ना, तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता. खरंच. आता दुसरा करू नकोस, बाळा. मला काय, चार लोक बोलत नाहीत, मी तरी कुठे बोलायचो. तुझी आई आत गेली तर मरेल."

"बाबा, ती बाहेर तरी कुठे जिवंत आहे?"

क्लाइव्हने टोपी काढून परत घातली. मग दोघं गाडीत बसून गेले.

दुसऱ्या दिवशी टाउन हॉलच्या खोलीत गाव लोटला होता. मॉडची भाची पुढे बसली होती. टेबलावर कीलीचे ते दोन ठसे, लेबल लावलेले. मी मागे बसले, आणि माझ्यापुढच्या रांगेत डेनीस आणि कीली. डेनीसने बाहेर जायचा चांगला कोट घातला होता आणि हात मांडीवर असे ठेवले होते, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत.

कोरोनर म्हातारा, मऊ आवाजाचा. त्याने क्लाइव्हला उभं केलं. क्लाइव्हने आपलं वाक्य म्हटलं. मी उभा होतो. ती पाण्यात होती. मला पोहता येत नाही. मागून कोणीतरी "लाज वाटू दे" म्हणालं, आणि कोरोनरने मान वर केली तेव्हा गप्प झालं.

कीली त्या सगळ्या वेळात आईकडे बघत होती. आणि डेनीस त्या ठशांकडे.

"त्या पहाटे मॉडचा फोन आला," डेनीस पुटपुटली. मला ऐकू आलं, पुढच्यांना नाही. "ती म्हणाली, दिवे लागलेत. मी बूट घातले आणि गेले. ती पाण्यात उतरलीच होती, कमरेपर्यंत. मला म्हणाली, ये ना, डेनीस. मी हात पुढे करणार होते. आणि मला वाटलं, उद्या मला झोप मिळेल. एवढंच वाटलं गं. मग ती दिसेनाशी झाली, आणि तरी मी उभीच राहिले."

कीली रडत होती, पण तिने तोंड फिरवलं नाही.

कोरोनरने कागद सारखे केले. निर्णय देण्याआधी कोणाला काही सांगायचं आहे का, म्हणून त्याने खोलीभर पाहिलं. क्लाइव्ह अजून उभा होता, आणि त्याने लेकीकडे पाहून मान हलवली, नको.

मी उठायला गुडघ्यांवर हात टेकले. पण कीली आधीच उभी होती. तिने आईसमोर हात पुढे केला, आणि तो तसाच ठेवला. सगळी खोली बघत होती. डेनीसने त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं.

मग तिने तो धरला, आणि कीलीने तिला उभं केलं.

कोरोनरने चष्मा काढला आणि कारकुनाला साक्षीदाराच्या जागी आणखी एक खुर्ची आणायला सांगितलं.